म्हातारीला भाऊ कुठून आला?

इस्पितळाची पॅनेल रूम, मंगळवार, जेवणाची सुट्टी

तीर्थस्वरूप ताईस,

ठोंब्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याने संप पुकारला आहे, त्यामुळे यंदाचा साष्टांग फक्त कागदावर. गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? चष्म्याची दांडी बदललीस, की अजून दोऱ्यानेच बांधलेली आहे? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. हिची पाठ अधूनमधून कुरकुरते, पण ही स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे पाठीकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आधी बातमी. ताई, वीसपैकी सतरा! तुझ्या ठोंब्याला, आणि तेही साहित्यात! आनंदाच्या भरात लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय (एरवीही असंच येतं, ते सोड). हे सतरा मार्क तुझे आहेत आणि त्यासाठी तुझे आभार मानायला मी डबा बाजूला सारून बसलोय. आभार मानून झाले की मात्र मला तुझ्याशी भांडायचं आहे. तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी 'माझं अगदी छान चाललंय, काळजी नसावी' असं एक वाक्य असतं. दोन वर्षं मी ते वाचून पत्राची घडी घालत आलो. आता त्या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला आहे. तो कसा उडाला, हे सांगण्यासाठीच हे पत्र. तू पेपर तपासायचीस तसं हे शेवटच्या पानापासून वाचू नकोस. क्रमाने वाच.

तुला माहीतच आहे, आमचे सुपरवायझर यंदा निवृत्त होतायत आणि इस्पितळाच्या वीज विभागात सगळ्यात जुना वायरमन मी. सात मजले, चार लिफ्ट, दोन जनरेटर. कुठली वायर कुठल्या भिंतीत शिरते आणि कुठे रुसून बसते, हे मी डोळे मिटून सांगतो. पण त्यांच्या खुर्चीला किमान दहावी पास माणूस लागतो. म्हणून पन्नाशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. विज्ञान सरळ गेलं, गणित सरळ गेलं आणि भाषेच्या पेपरात एक लघुकथा आडवी आली. आमचा वर्ग भरतो बालवाडीच्या खोलीत, त्यामुळे बाकं वीतभर. माझ्या शेजारी आमच्याच इस्पितळातला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर बसतो. (त्याला सगळे 'हॉर्न' म्हणतात, कारण तो कानात कुजबुजला तरी ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं.) वर्ग सुटला की आधी तो मला बाकातून ओढून काढतो, मग मी त्याला. शिकवायला मॅडम आहेत. वयाने माझ्या निम्म्या, पण नुसती मान वर केली की मेन स्विच पाडल्यासारखा वर्ग गप्प.

तर ती कथा. तुला मागच्या पत्रात कळवली होतीच, तरी क्रमाने पुन्हा सांगतो. एक म्हातारी एका इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते. तिच्या दाराची बेल बंद पडते. लोक येतात, बटण दाबतात, घरात कोणी नसेल असं समजून परत जातात. म्हातारी आत बसून त्यांची पावलं ऐकते. बेल काही ती दुरुस्त करून घेत नाही. संपली कथा! मी पान उलटून मागे बघितलं, पुढे काही आहे का म्हणून. मॅडमनी वाटलेल्या माझ्या झेरॉक्सचं सहावं पान संपूर्ण काळं आलं होतं, तेव्हा मला वाटलं खरी गोष्ट त्या काळ्या पानातच असणार. (हे काळं पान लक्षात ठेव, त्यानेच पुढे माझा घात केला.)

चाचणीत प्रश्न आला: म्हातारी बेल दुरुस्त का करून घेत नाही? पात्राचा हेतू, कथेतला संघर्ष आणि लेखिकेने वापरलेली तंत्रं यांच्या आधारे चर्चा करा. ताई, अख्ख्या वर्गात या विषयातला तज्ज्ञ मी एकटा! अठ्ठावीस वर्षं बेली दुरुस्त करणाऱ्या माणसाला बेलीवर प्रश्न? मी चार पुरवण्या घेतल्या. हेतूखाली लिहिलं की बटणाचा पॉइंट कार्बन धरतो, किंवा कॉइल जळलेली असते, म्हातारीला हे माहीत नसावं. संघर्षाखाली लिहिलं, 'म्हातारी विरुद्ध वायरिंग'. तंत्रात लेखिकेची चूक दाखवली: बेल बंद पडण्याआधी जिन्यातला दिवा तीनदा फडफडला असं ती लिहिते, त्यावरून दोष बेलीत नसून खालच्या जोडणीत आहे हे उघड दिसतं, आणि तरी ती खाली कोणाला पाठवत नाही. शेवटी आकृती काढली, फेज लाल पेनाने आणि न्यूट्रल निळ्या. वीसपैकी दोन मिळाले. मॅडम म्हणाल्या, ते दोनही आकृतीचे आहेत. (हॉर्नने 'म्हातारी बहिरी असावी' एवढ्या एका ओळीत उत्तर आटोपलं आणि त्याला तीन मिळाले, हे मी आजवर विसरलेलो नाही.)

मग मॅडमनी मला थांबवून घेतलं आणि समजावलं, की काका, तुम्ही बेल का वाजत नाही ते लिहिलंत, मी विचारलं होतं ती बाई का उठत नाही. जिन्यातला दिवा फडफडतो ती पूर्वसूचना आहे, बेल हे प्रतीक आहे. मी विचारलं, कशाचं? त्या म्हणाल्या, एकटेपणाचं. आता मी जन्मात उघडलेल्या बेलींमधून पाली निघाल्यात, मुंग्यांची वारुळं निघालीत, एकदा तर कोणाचा तरी दुधाचा दात निघाला होता, पण एकटेपणा कधी निघाला नाही. तसं मी म्हटलंही. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, घरी जा, पात्राच्या जागी उभे राहा, महिन्याने फेरचाचणी घेते. त्यात पडलात तर मात्र हे वर्ष गेलं समजा.

मी आज्ञाधारक माणूस. पात्राच्या जागी उभा राहा म्हणाल्या, मी राहिलो. गुडघ्यासाठी आठवड्याची रजा होतीच, तेव्हा हिला न सांगता आमच्या दाराच्या बेलीची वायर सोडवली आणि आतल्या खुर्चीत म्हातारीसारखा बसलो. पहिल्या दिवशी गॅस सिलेंडरवाला आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि गेला. तिसऱ्या दिवशी ओट्यावर निळी ज्योत फुसफुसली आणि विझली. त्याच दुपारी ही बाजारातून आली, किल्ली विसरलेली, दोन्ही हातांत पिशव्या, कोपराने बटण दाबत पाऊण तास उभी. मी आत पात्रात शिरून डुलकी घेत होतो. शेजारणीला वाटलं आम्ही परगावी गेलो, म्हणून तिने आमच्या कुंड्यांना पाणी घालायला सुरुवात केली होती. तिच्याकडूनच खुर्ची मागून घेऊन ही दारात बसली. मी जागा होऊन दार उघडलं तेव्हा हिने जे काही उच्चारलं त्यात उपमा, रूपक आणि अतिशयोक्ती अशी तिन्ही तंत्रं होती. ती मी लगेच वहीत टिपून घेतली, त्यामुळे प्रकरण आणखी चिघळलं.

पण ताई, गंमत सोडून एक सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी जिना चढून आलं, दाराशी थांबलं, थोड्या वेळाने उतरून गेलं. मला आतून 'अहो' म्हणून हाक मारता आली असती. मी मारली नाही. नुसता बसून पावलं मोजली. का मारली नाही, हे मला कळेना, आणि जे कळत नाही ते पेपरात काय लिहिणार? मग मी तुला पत्र टाकलं.

आणि तू! आठ दिवसांत जाडजूड पाकीट! तुझे आभार कुठल्या शब्दांत मानू? चाळीस वर्षं मुलांना शिकवून हात दुखले असतील तुझे, तरी या पालथ्या घड्यासाठी अकरा पानं लिहिलीस. हेतू म्हणजे पात्र जे बोलतं ते नव्हे, जे लपवतं ते. संघर्ष दोन माणसांत असतो तसा एकाच माणसाच्या दोन मनांतही असतो. प्रतीक ओळखायचं तर लेखक कुठली वस्तू पुन्हा पुन्हा हातात घेतो ते बघ. इतकं सोपं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. हॉर्नला दाखवलं तर तो म्हणाला, तुझी बहीण आपल्याला शिकवायला असती तर मी डॉक्टर झालो असतो. (वर्गात सगळ्यांनी मागे वळून बघितलं. कुजबुजला होता तो.)

पाकिटात बारावं पानही होतं. इतर पानांवर तू कोपऱ्यात आकडे घातलेस, याच्यावर आकडा नव्हता. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर, जरा घाईच्या अक्षरात. मला ते सगळ्यात आवडलं. बाकीची अकरा पानं मी समजून घेतली, हे मी पाठ केलं. 'ती बेल दुरुस्त करून घेत नाही, कारण बंद बेलीला दोष देता येतो. बेल चालू असली आणि तरी वाजली नाही, तर दोष कोणाला द्यायचा?' वाचलं आणि अंगावर काटा आला. माझ्या खुर्चीतल्या त्या तीन दिवसांचं कोडं दोन ओळींत सुटलं! पुढे होतं: 'भाऊ आहे. बोलावलं तर धावत येईल, हत्यारांची पिशवी घेऊन. तासाभरात बेल वाजायला लागेल. मग चहा घेईल आणि चपला घालता घालता बाकी सगळं ठीक ना, असं विचारून जाईल. बाकीचं सांगितलं तर त्याला घोर लागेल, म्हणून सांगायचं नाही. त्याचा संसार आहे. कोणी कीव केलेली तिला चालायची नाही. काम सांगितलं, तर मात्र ती आजही उठून जाईल.'

आता तू म्हणशील, ठोंब्या, हे वाचून तुझ्या डोक्यात उजेड पडला नाही? नाही पडला. मी म्हटलं, म्हातारीला भाऊ आहे आणि तो त्या काळ्या सहाव्या पानात राहतो. ताईकडे मूळ पुस्तक असणार, माझं पान काळं आलंय, त्यामुळे मला दिसला नाही, एवढंच. उलट त्या भावाचा मला रागच आला. कसला माणूस आहे, म्हटलं, हत्यारं घेऊन येतो, बहिणीच्या तोंडाकडे बघत नाही! फेरचाचणीत मी त्या भावाला अस्सा झोडपला की पुरवणीला भोकं पडली.

शनिवारी पेपर मिळाले. मॅडमनी माझा पेपर हातात धरून ठेवला. सतरा मार्क, वर्गात सगळ्यात जास्त. मग त्यांनी त्यातला भावावरचा उतारा सगळ्यांना वाचून दाखवला आणि 'चपला घालता घालता बाकी सगळं ठीक ना' या वाक्यापाशी थांबून म्हणाल्या, बघा, एका ओळीत अख्खा माणूस उभा केलाय. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, पण काका, तीन मार्क मी कापलेत. सहाव्या पानावर फक्त जिन्याचं वर्णन आहे. कथेत म्हातारीला भाऊच नाही. तुम्ही तो कुठून आणलात?

दिव्याखाली अंधार ही म्हण कोणीतरी वायरमनकडे बघूनच केली असावी. दुसऱ्याच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि मला आवाज ओळखू आला. माझाच होता. गेल्या वर्षी मी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा बटण दाबून दाबून शेवटी 'ताई' म्हणून हाक मारली होती. तू दार उघडलंस. मी म्हटलं, बेल गेली वाटतं. तू म्हणालीस, काल-परवाच गेली. मी म्हटलं, आज पिशवी नाही आणली, पुढच्या वेळी करतो. चहा घेतला, बसची वेळ झाली, आणि मी एका पायात चप्पल घालून विचारलं, बाकी सगळं ठीक ना? तू म्हणालीस, छान चाललंय. मी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होतो.

वर्गात मी पेपर हातात घेतला. एवढंच म्हणालो, मॅडम, तीन मार्क बरोबर कापलेत. बाकात अडकलेला गुडघा सोडवायलाही सुचलं नाही, हॉर्नने ओढून काढलं. तो पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात म्हणाला, काय झालं रे?

तर आता भांडण. (आवाज चढवत नाही, पॅनेल रूममध्ये ओरडायला मनाई आहे.) ताई, आई गेल्यावर तू मला प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांवर मुळाक्षरं गिरवायला लावलीस. मी दहावीला आपटलो तेव्हा सगळे हसले, तू मला वायरमनच्या कोर्सला घातलंस आणि पक्कड, टेस्टर, पेचकस घालून ती पिशवी स्वतः शिवून दिलीस. माझं घर, माझं लग्न, ही येऊ घातलेली खुर्ची, सगळ्याच्या मुळाशी तू आहेस, आणि मी हे तोंडाने कधी म्हटलं नाही, म्हणून आज लेखी म्हणतो. मी तुझा फार ऋणी आहे आणि माझं तुझ्यावर फार प्रेम आहे. असं असताना तुझं खरं काय ते मला चुकून पाकिटात आलेल्या कागदावरून कळावं? तेसुद्धा मी पाठ करून, त्यावर मार्क मिळवून, चारचौघांत वाचून दाखवल्यावर? घोर लागेल म्हणून सांगितलं नाहीस. लागला ना घोर! फक्त वर्षभर उशिरा. दोष तुझा नाही. तू छान म्हणालीस ते मला सोयीचं होतं, म्हणून मी मानलं. पात्र जे लपवतं ते बघ, असं तूच पहिल्या पानावर लिहिलंयस.

असो. सुट्टी संपत आली, चौथ्या मजल्यावरची लिफ्ट रुसल्याचा निरोप आलाय. खोकल्याचं औषध घे. राग आला असेल तर लाल पेनाने समासात लिही, मी सुधारून घेईन.

तुझा आज्ञाधारक (निदान यापुढे),
ठोंब्या

ता. क. बारावं पान परत पाठवत नाही. मागू नकोस.

ता. क. २. या नव्हे, पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी तुझ्या दारात येतोय. हत्यारांची पिशवी आणत नाही, टेम्पो आणतोय. हॉर्न चालवणार आहे, त्यामुळे आम्ही गल्लीत शिरलो की तुला कळेलच. आमची मागची खोली रिकामी केली. बारा वर्षं साठवलेले ट्यूबलाइटचे जळके चोक आणि पंख्यांचे रेग्युलेटर काल भंगारात दिले (हिने टाळ्या वाजवल्या). खिडकीशी तुझं टेबल बसतं, मी मापून बघितलं. पुस्तकांच्या पेट्या बांधून ठेव, जड उचलू नकोस.

ता. क. ३. ही कीव आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. काम आहे म्हणून बोलावतोय. पुढच्या सत्रात चाळीस मार्कांचा कवितेचा पेपर आहे आणि त्यात तू नसलीस तर मी साफ आपटणार. खुर्ची जाईल. सगळं तुझ्यावर आहे. तेव्हा यायलाच हवं.

—

वन्सं, सा. न. वि. वि. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. कवितेचा पेपर वगैरे काही नाही. भाषेचा पेपर एकच होता, तो सुटला. तुम्हाला काम सांगितलं तरच तुम्ही उठाल, म्हणून यांनी काल बसून हा पेपर काढलाय. मला असली निमित्तं सुचत नाहीत, सरळ लिहिते. तुमची कीव करायला मला वेळ नाही. मला घरात माणूस हवंय. हे दिवसभर वायरींशी बोलतात आणि घरी आले की वर्तमानपत्राशी. शिवाय यांना ठोंब्या म्हणायचा हक्क फक्त तुमचा आहे, मी म्हटलं की भांडण होतं. रविवारी मी टेम्पोत डबा देतेय, तेव्हा स्वयंपाक करून ठेवू नका. तुम्हाला उशी मऊ लागते की कडक, तेवढं उलट टपाली कळवा.